पाच वेळा रेलिगेट झालेला आइसलँडचा डावा बॅक: हर्मन ह्रेदार्सोन

डावखुरा_बॅक (धागाकर्ता)

आइसलँडचा फुटबॉल म्हटलं की गाडी थेट २०१६ च्या युरोवर (युरोपीय देशांची फुटबॉल स्पर्धा) जाऊन थांबते. तो टाळ्यांचा गजर, दंतवैद्य प्रशिक्षक, इंग्लंडची उडालेली भंबेरी. हा धागा त्या पिढीच्या आधीच्या माणसासाठी आहे.

हर्मन ह्रेदार्सोन. जन्म ११ जुलै १९७४. डावखुरा बचावपटू, लेफ्ट बॅक (डाव्या कडेचा) आणि सेंटर बॅक (मधला) दोन्ही. देशाकडून ८९ सामने, ५ गोल, १९९६ ते २०११. इंग्लंडमध्ये सात क्लब: क्रिस्टल पॅलेस, ब्रेंटफर्ड, विम्बल्डन, इप्सविच, चार्लटन, पोर्ट्समथ, कोव्हेंट्री. क्विझमध्ये तो एकाच प्रश्नापुरता उरलाय: प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या विभागातून, पाच वेगवेगळ्या क्लबांसोबत खाली गेलेला (रेलिगेट, म्हणजे तळाला राहून खालच्या विभागात ढकललेला) खेळाडू कोण? पॅलेस १९९८, विम्बल्डन २०००, इप्सविच २००२, चार्लटन २००७, पोर्ट्समथ २०१०.

लोक हे हसत सांगतात. मला ते उलट्या बाजूने वाचावंसं वाटतं. घर बुडालं की त्यातली भांडी कोण विकत घेतं, ते बघा. २००० मध्ये विम्बल्डन खाली गेलं आणि त्याच उन्हाळ्यात इप्सविचने त्याच्यासाठी ४० लाख पौंड मोजले, तोवर त्या क्लबने कुणासाठीही इतके मोजले नव्हते. २००७ मध्ये चार्लटन खाली गेलं, आणि पुढच्याच मेमध्ये तो पोर्ट्समथकडून वेम्बलीवर एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) उचलत होता. ज्याच्यामुळे संघ बुडतो त्याला दहा वर्षं कुणी असं वरच्या विभागात परत बोलावत नाही.

तर चर्चा कारकिर्दीवर होऊ द्या. कुठून आला, कसा खेळायचा, पैशांचा हिशोब, दुखापत, सगळं चालेल.

प्रश्नार्थक

एक बाळबोध प्रश्न आधीच विचारून घेतो. आडनाव ह्रेदार्सोन, मग सगळे लेखात 'हर्मन' असं एकेरी का लिहितात? आणि उच्चार नक्की काय?

शून्यअंश

कारण ते आडनावच नाही. ह्रेदारचा मुलगा तो ह्रेदार्सोन, मुलगी असती तर ह्रेदार्सदोत्तिर. आपल्याकडे मधलं नाव असतं तसं, फक्त त्यापुढे कुळाचं नाव नाही. त्यामुळे आइसलँडमध्ये पंतप्रधानालाही पहिल्या नावाने हाक मारतात आणि टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावानेच लागायची. एकेरीपणाचा प्रश्न नाही.

मधलं अक्षर आपल्या 'द' आणि 'ध' च्या मधे पडतं, जीभ दातांना जेमतेम टेकवून. शेवट 'सन' नाही, 'सोन'. इंग्लिश समालोचक 'ह्रायडरसन' म्हणायचे ते सोडून द्या.

आणि गाव सांगायचं राहिलं. तो वर आला ईबीव्ही या क्लबातून. दक्षिण किनाऱ्यासमोरची वेस्टमन बेटं, त्यातल्या हेइमाए या एकाच बेटावर वस्ती, साधारण चार हजार लोक. २३ जानेवारी १९७३ च्या रात्री गावाच्या कडेलाच जमीन फाटून ज्वालामुखी उसळला आणि मासेमारी बोटींतून अख्खं बेट रिकामं करावं लागलं. राखेखालून घरं उकरून काढलेल्या त्या गावाचा क्लब १९९७ आणि १९९८ असा लागोपाठ दोनदा देशाचा विजेता झाला. हर्मन १९९७ च्या हंगामाच्या मधेच इंग्लंडला गेला.

रेषेवरचा_पंच

मधेच जाण्यात मोठी मेख आहे. तेव्हा आइसलँडची लीग दहा संघांची, १८ फेऱ्यांची, मे ते सप्टेंबर. म्हणजे ऑगस्टमध्ये इंग्लंडला पोहोचणारा खेळाडू अर्ध्याहून जास्त हंगाम खेळून आलेला असतो. पहिले दोन महिने तो इंग्लिश खेळाडूंपेक्षा धारदार दिसतो. मग जानेवारी येतो. शरीराला सवय असते ऑक्टोबरपासून सुट्टीची, आणि इथे दर तीन दिवसांनी सामना. स्कॅंडिनेव्हियातून येणाऱ्या बऱ्याच जणांचा घोळ इथेच होतो. चांगला क्लब अशा खेळाडूला डिसेंबरात मुद्दाम दोनेक सामने बसवतो. घसरणाऱ्या क्लबला तेवढी चैन परवडत नाही.

दुसरं म्हणजे मैदानं. बंदिस्त, पूर्ण आकाराचा पहिला फुटबॉल हॉल तिथे २००० साली उभा राहिला, केफ्लाविकला. म्हणजे हर्मनची पिढी हॉलच्या आधीची, खडीच्या मैदानांची. खडीवर बचावपटू एक गोष्ट शिकतोच: खाली पडायचं नाही. स्लाइड टॅकल (घसरत जाऊन चेंडू काढणं) मारलं की मांडी सोलून निघते. मग पाय जमिनीवर ठेवून, अंतर राखून, समोरच्याला बाहेरच्या रेषेकडे ढकलत नेणं हाच मार्ग उरतो. नंतरची पोरं कृत्रिम गवतावर वाढली, त्यांचा पहिला स्पर्श कितीतरी सरस आहे. एकास एक बचावात मात्र मला जुनी पिढी वरचढ वाटते.

हिशोबनीस

"कसा गेला" याचं खरं उत्तर कागदपत्रांत आहे. आइसलँड युरोपीय संघात नाही, पण १ जानेवारी १९९४ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहे. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाचा बॉसमन निकाल आला आणि या क्षेत्रातल्या खेळाडूंवरची संख्येची बंधनं गळून पडली. १९८८ मध्ये आइसलँडचाच ग्वुद्नी बेर्गसोन टॉटनहॅमला गेला तेव्हा वर्क परमिट लागायचं. १९९७ मध्ये हर्मनला काहीच लागलं नाही. क्लबने फॅक्स पाठवायचा, वैद्यकीय तपासणी, सही.

याचा सगळ्यात मोठा परिणाम दिसतो तो ब्रेंटफर्डच्या सौद्यात. पॅलेस खाली गेल्यावर सप्टेंबर १९९८ मध्ये तो थेट चौथ्या स्तरावरच्या ब्रेंटफर्डला गेला. वेडेपणा वाटतो ना? पॅलेसचा जुना मालक रॉन नोड्स तिथे मालकही होता आणि मॅनेजरही. त्याला माल ठाऊक होता. त्या वर्षी ब्रेंटफर्ड विभाग जिंकून वर गेलं, आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये विम्बल्डनने २५ लाख पौंड देऊन त्याला प्रीमियर लीगमध्ये परत नेलं. खेळाडूने एक वर्ष खाली घालवलं, क्लबने कित्येक पट कमावलं.

आज हेच करायला गेलं तर? ब्रेक्झिटनंतर, जानेवारी २०२१ पासून, परदेशी खेळाडूला गुणांची परीक्षा आहे, १५ गुण लागतात. पहिल्या ५० देशांच्या संघांत नियमित खेळणाऱ्यांना आपोआप प्रवेश मिळू शकतो, आइसलँड बहुतेक वेळ त्या यादीबाहेर. आइसलँडची लीग गुणांच्या सर्वांत खालच्या पट्ट्यात. २०२३ पासून अपवादाच्या काही जागा मिळाल्या, पण वरच्या दोन विभागांच्या क्लबांना जास्तीत जास्त चार आणि तिसऱ्या-चौथ्या विभागाला दोन. चौथ्या विभागातला क्लब त्या दोनपैकी एक जागा आइसलँडच्या बचावपटूवर घालवेल? स्ट्रायकरवर घालवेल.

डावखुरा_बॅक

हिशोबनीस, जबरी. यात एक भर. २००७ मध्ये चार्लटनकडून तो पोर्ट्समथला फुकट गेला, कारण करारात कलम होतं की संघ खाली गेला तर हा मोकळा. तीन रेलिगेशन बघून झालेल्या माणसाने चौथ्याच्या आधी ते कलम घालून घेतलं यात नवल नाही. आणि २००३ च्या मार्चमध्ये इप्सविचकडून चार्लटनला गेला तेव्हा इप्सविच कर्जापायी प्रशासकांच्या ताब्यात होतं. अशा वेळी क्लबला भाव ठरवायची सोय नसते, चार वर्षांपूर्वी चाळीस लाखांना... चुकलो, अडीच वर्षांपूर्वी चाळीस लाखांना घेतलेला खेळाडू दहा लाखांच्या आतच गेला.

रेषेवरचा_पंच

आता थोडं विरोधी बोलतो. धागाकर्ते फारच मऊ आहेत. आकडे मांडू. पाच हंगामांत त्या संघांनी खाल्लेले गोल: पॅलेस ७१, विम्बल्डन ७४, इप्सविच ६४, चार्लटन ६०, पोर्ट्समथ ६६. बेरीज ३३५, सामने १९०. म्हणजे सामन्याला पावणेदोनच्या वर. यात बचावपटू धुतल्या तांदळासारखा कसा?

डावखुरा_बॅक

दुसरा रकानाही मांडा की मग. केलेले गोल: ३७, ४६, ४१, ३४, ३४. बेरीज १९२. सामन्याला जेमतेम एक. असा संघ दोन खाल्ले की हरलाच.

आणि प्रत्येक वर्षाचं दुखणं वेगळं.

पॅलेस १९९७-९८: अख्ख्या हंगामात घरच्या मैदानावर दोनच विजय, पहिला उजाडला १८ एप्रिलला. ३३ गुण, शेवटचा क्रमांक. हा तर नवखा, इंग्लंडमधलं पहिलंच वर्ष.

विम्बल्डन १९९९-२०००: तो ऑक्टोबरात आला. मॅनेजर एगिल ओल्सेन, नॉर्वेचा, क्षेत्रीय बचावाचा कट्टर पुरस्कर्ता. खेळाडू मात्र वर्षानुवर्षं माणूस धरून खेळलेले. माणूस धरायचा असेल तर तो जाईल तिकडे जायचं. क्षेत्र धरायचं असेल तर तो सोडून द्यायचा आणि चौघांनी एकमेकांपासून आठ-दहा मीटर राखत चेंडूच्या बाजूला एकत्र सरकायचं. चारातले दोघे क्षेत्र धरतायत आणि दोघे सवयीने माणसामागे जातायत, असं झालं की मधे दार उघडं. दोन सामने उरले असताना ओल्सेनला काढलं. शेवटच्या दिवशी, १४ मे २००० ला, साउदॅम्प्टनकडे ०-२. तिकडे ब्रॅडफर्डने लिव्हरपूलला १-० हरवलं आणि ३३ गुणांवर विम्बल्डन गेलं.

इप्सविचचं उदाहरण तर सगळ्यात बोलकं. नुकत्याच वर आलेल्या संघाने २००१ मध्ये पाचवा क्रमांक घेतला, ६६ गुण, खाल्ले फक्त ४२. पुढच्या वर्षी ६४. बचावफळी बरीचशी तीच! मग फरक कशाचा? एक, स्ट्रायकर मार्कस स्ट्युअर्टचे लीगमधले गोल १९ वरून ६ वर आले. संघ आघाडीवर नसेल तर पुढे चढतो, आणि फुल बॅकच्या (कडेच्या बचावपटूच्या) पाठीमागे ३० मीटर मोकळं रान राहतं. दोन, युरोपातल्या फेऱ्या. इंटर मिलानला घरी १-० हरवलं, तिकडे जाऊन १-४ खाल्ले. तीन, लिव्हरपूल: फेब्रुवारीत घरच्या मैदानावर ०-६, शेवटच्या दिवशी ॲनफील्डवर ०-५. ६४ पैकी ११ एकट्या लिव्हरपूलने मारले.

शून्यअंश

चार्लटनचं मीच सांगतो. ॲलन कर्बिशली १५ वर्षांनी गेला आणि २००६-०७ या एका हंगामात तीन मॅनेजर झाले: डाउई, रीड, पार्ड्यू. तीन मॅनेजर म्हणजे तीन ऑफसाइड लाइन, बचावफळीने किती पुढे उभं राहायचं याच्या तीन तऱ्हा. त्याच क्लबसोबत हर्मनने २००३-०४ मध्ये सातवा क्रमांकही पाहिला होता.

आणि पोर्ट्समथ. २६ फेब्रुवारी २०१० ला प्रीमियर लीगमधला कुठलाही क्लब पहिल्यांदाच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, ९ गुण कापले. पण सगळं खापर त्या नऊ गुणांवर फोडू नका. कापून १९, न कापता २८. वरचे हल आणि बर्नली दोघेही ३० वर. शिक्षा नसती तरी तळालाच राहिले असते.

रेषेवरचा_पंच

मान्य, इप्सविचपुरतं. पण मूळ पोस्टमध्ये एक दुरुस्ती हवी. पाच रेलिगेशनचा विक्रम एकट्याचा नाही. नेथन ब्लेकसुद्धा पाचदा खाली गेलाय: शेफील्ड युनायटेड, बोल्टन दोनदा, ब्लॅकबर्न, वुल्व्ह्ज. फरक इतकाच की ब्लेकचे क्लब चार, हर्मनचे पाच. तुम्ही "पाच वेगवेगळ्या क्लबांसोबत" लिहिलंय म्हणून तांत्रिकदृष्ट्या सुटलात.

आणि सहावं विसरलात. २०१२ मध्ये कोव्हेंट्री दुसऱ्या विभागातून तिसऱ्यात गेलं, तेव्हाही साहेब तिथेच. :)

थ्रोइन

खेळाबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितो.

डावखुरा लेफ्ट बॅक दुर्मिळ का असतो आणि त्याला भाव का, हे मैदानावर पाहिल्याशिवाय पटत नाही. सेंटर बॅकने डावीकडे पास दिला. उजवा पाय वापरणारा बॅक असेल तर तो चेंडू आतल्या पायावर घेतो, अंग मैदानाच्या मध्याकडे वळतं. धावून येणाऱ्या विंगरला (समोरच्या कडेच्या आक्रमकाला) नेमकं तेच हवं असतं, रेषेचा पास बंद झाला. डावखुरा बॅक तोच चेंडू बाहेरच्या पायावर घेतो, अंग उघडं, दुसऱ्या स्पर्शात रेषेवरून सरळ पुढे. अर्ध्या सेकंदाचा फरक, पण प्रेसिंग (अंगावर धावून येऊन टाकलेला दबाव) मोडतं ते तेवढ्यातच.

हर्मनकडे याशिवाय उंची आणि हेडर होतं, कारण तो मुळात सेंटर बॅकही होता. लेफ्ट बॅक उंच असण्याचा फायदा लांबच्या पोस्टवर. प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या बाजूने क्रॉस येतो, दोन्ही सेंटर बॅक जवळच्या पोस्टकडे आणि मध्यात ओढले जातात, मागे उरतो आपला लेफ्ट बॅक. तिथे बुटका माणूस असेल तर चलाख मॅनेजर आपला उंच स्ट्रायकर मुद्दाम त्याच्या अंगावर नेऊन उभा करतो.

तिथली नेहमीची चूक: बॅक पूर्णपणे चेंडूकडे तोंड करून उभा राहतो. माणूस पाठीमागे जातो आणि दिसतच नाही. बरोबर उभं राहायचं ते अर्धं वळून, एक नजर चेंडूवर, एक माणसावर, हात लांब केला तर त्याला लागेल एवढ्या अंतरावर आणि गोलच्या बाजूला.

पोर्ट्समथच्या २००७-०८ च्या संघात हे छान दिसतं. डेव्हिड जेम्स गोलमध्ये, समोर ग्लेन जॉन्सन, कॅम्पबेल, दिस्तँ, हर्मन. जॉन्सन उजवीकडून सतत वर जायचा. मग हर्मनने काय करायचं? आत सरकून कॅम्पबेल आणि दिस्तँबरोबर तिघांची ओळ धरायची. कागदावर चार, प्रत्यक्षात तीन. त्या वर्षी ३८ सामन्यांत ४० गोल खाल्ले, आठवा क्रमांक, आणि १७ मे २००८ ला कार्डिफला १-० हरवून एफए कप.

शून्यअंश

बचावावर एवढं लिहिलंत आणि २९ सप्टेंबर २००७ विसरलात! पोर्ट्समथ ७, रेडिंग ४. प्रीमियर लीगमधला सर्वाधिक गोलांचा सामना. २-० वरून २-२ झालं होतं, ३-२ करणारा गोल हर्मनचा. आणि गंमत अशी की पोर्ट्समथचा आणखी एक गोल रेडिंगच्या ईवार इंगिमार्सोनच्या अंगाला लागून आत गेला. तोही आइसलँडचा, तोही बचावपटू.

प्रश्नार्थक

मार्च २०१० मध्ये हर्मनची टाचेवरची शीर तुटली असं वाचलं. त्यानंतर ३६ व्या वर्षी परत कसा खेळला?

टाचेवर_वजन

शीर नव्हे, स्नायुबंध. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड दोर, अकिलीस. तो बहुतेक वेळा हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर तुटतो, कारण तिथे रक्तपुरवठा सगळ्यात कमी. खेळाडूला वाटतं मागून कुणी लाथ मारली, वळून बघतो तर कुणीच नाही. तपासणी सोपी: रुग्णाला पालथं झोपवून पोटरी दाबायची. दोर शाबूत असेल तर पाऊल हलतं. तुटला असेल तर नाही.

मग टाके, किंवा बूट. दोन्ही प्रकारांत पहिले सहा ते आठ आठवडे पाऊल खाली वळलेल्या अवस्थेत, बुटात टाचेखाली पाचरी, त्या एकेक करून काढायच्या. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. घाई करून पोटरी ताणली की दोर जुळतो, पण लांब होऊन जुळतो. लांब दोर म्हणजे सैल स्प्रिंग. चालता येतं, संथ धावता येतं, पण पहिल्या तीन पावलांचा रेटा जातो. आणि फुल बॅकचं पोट त्या तीन पावलांवर असतं.

परतण्याआधीची साधी कसोटी: एका पायावर उभं राहून टाच उचलायची, पंचवीस वेळा, दुसऱ्या पायाइतकीच उंच. साधारण सहा ते नऊ महिने लागतात. हर्मनला दुखापत झाली तेव्हा वय ३५, करारही संपत आलेला. तरी तो २०१०-११ मध्ये पोर्ट्समथकडूनच दुसऱ्या विभागात पुन्हा उतरला. या वयात बॅकला आत सेंटर बॅककडे सरकवणं हा नेहमीचा उपाय. ज्याला दोन्ही जागा येतात त्याची दोन वर्षं वाढतात.

हिशोबनीस

पुढच्या पिढीशी तुलना करायची तर रस्ताच बदललाय. हर्मन बेटावरून थेट लंडनला. नंतरचे बहुतेक बचावपटू आधी नॉर्वे-स्वीडन-डेन्मार्क.

रगनार सिगुर्दसोन: फिल्किर, मग गोटेबोर्ग (२००७ ची स्वीडिश लीग जिंकली), कोपनहेगन, क्रास्नोदार, फुलम, रोस्तोव. ९७ सामने. कारी आर्नासोनचा तर नकाशाच काढावा लागेल: यूर्गोर्देन, आओस, प्लिमथ, ॲबर्डीन, रॉदरम, माल्मो, निकोसिया, अंकारा, आणि शेवटी मूळ क्लब व्हिकिंगुरला परत येऊन २०२१ मध्ये लीग आणि कप दोन्ही घेऊन निवृत्त. बिर्किर मार सायवार्सोन: वालुर, ब्रान, हामार्बी, पुन्हा वालुर. १०३ सामने. २०१८ च्या विश्वचषकाच्या आधी मिठाच्या कारखान्यात पॅकिंगचं काम करत होता, कारण देशातल्या लीगच्या पगारावर दिवस मोकळा ठेवून उपयोग नसतो.

या सगळ्यात गावच्या क्लबला काय मिळतं? फिफाचा नियम: करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की रकमेतले ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांना. १२ ते १५ या वयाच्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, १६ ते २३ ला अर्धा टक्का. मुलगा १२ ते १८ गावातच खेळला असेल तर चार पाव म्हणजे १, आणि तीन अर्धे म्हणजे दीड, एकूण अडीच टक्के. दहा लाख युरोच्या सौद्यात २५ हजार युरो. चार हजार वस्तीच्या बेटावरच्या क्लबसाठी ही रक्कम लहान नाही. पण फुकट ट्रान्सफर झाली तर शून्याचे अडीच टक्के शून्यच. हर्मन इंग्लंडला गेला तेव्हा तर हा नियमच नव्हता, तो २००१ मध्ये आला.

मडगांवकर

या माणसाचा आपल्याकडचा धागा कुणी ओढला नाही अजून. जानेवारी २०१८ मध्ये डेव्हिड जेम्स इंडियन सुपर लीगमधल्या केरला ब्लास्टर्सचा प्रशिक्षक झाला तेव्हा साहाय्यक म्हणून हर्मनला घेऊन आला. दोघांची जोडी पोर्ट्समथची. मधे २०१३ मध्ये हर्मन ईबीव्हीचा प्रशिक्षक असताना बेचाळिशीतला जेम्स त्या बेटावर गोलकीपर म्हणून खेळून आला होता, त्याची ही परतफेड म्हणा. त्याच हिवाळ्यात ग्वुद्योन बाल्दविन्सोन नावाचा आइसलँडिक स्ट्रायकरही कोचीला आला.

सुरुवात चांगली झाली, मुंबई सिटीला मुंबईत १-० हरवलं. आमच्या एफसी गोवाने मात्र कोचीत जाऊन २-१ ने हिसका दिला. हंगाम सहाव्या क्रमांकावर संपला. पुढच्या मोसमात १६ डिसेंबर २०१८, अंधेरीचं मैदान, मुंबई सिटी ६, केरला १. मोदू सूगूने एकट्याने चार मारले. दोन दिवसांत जेम्स गेला.

रेषेवरचा_पंच

म्हणजे सहा खाण्याचा योग लिव्हरपूलनंतर अंधेरीलाही. घ्या डावखुरे, लिहा तुमच्या रकान्यात.

डावखुरा_बॅक

डगआउटमधून खाल्लेले मोजत नाहीत, पंच.

प्रश्नार्थक

शेवटचं विचारतो. रगनारचा इंग्लंडविरुद्धचा गोल लांब थ्रो-इनवरून आला ना? ते नेमकं कसं बसवतात? तालुका पातळीच्या संघाला जमेल का?

थ्रोइन

जमेल, फक्त एक फेकणारा हवा. नीस, २७ जून २०१६. चौथ्या मिनिटाला रूनीची पेनल्टी, सहाव्या मिनिटाला बरोबरी. फेकणारा आरोन गुनार्सोन, हँडबॉलमधला हात. चेंडू जवळच्या पोस्टसमोर कारीच्या डोक्यावर, कारीने मागे वळवला, रगनार वॉकरला मागे टाकून आत घुसला आणि पाय लावला. पाचच दिवस आधी ऑस्ट्रियाविरुद्ध हीच चाल, कारीचं तेच डोकं, गोल ब्योद्वार्सोनचा. म्हणजे इंग्लंडने बघितलेलं होतं, तरी खाल्ला.

बसवायची पद्धत. पहिला माणूस जवळच्या पोस्टच्या रेषेत, सहा यार्डांच्या चौकटीच्या कडेवर, पाठ गोलकडे. त्याने उडी उशिरा घ्यायची, चेंडू कपाळाने मारायचा नाही, डोक्याच्या वरच्या भागाने फक्त दिशा द्यायची. दोघे दूरवरून धावत यायचे, उभे राहून वाट पाहायची नाही. एक जण पेनल्टीच्या चौकटीच्या कडेला, बाहेर आलेल्या चेंडूसाठी. फेक सपाट हवी, उंच फेकली की गोलकीपर आरामात येऊन धरतो.

फसतं ते ऑफसाइडमध्ये. थ्रो-इनवरून थेट ऑफसाइड नसतो, म्हणून पोरं निवांत गोलरेषेजवळ उभी राहतात. पण डोक्याने वळवला त्या क्षणी नवा पास सुरू झाला आणि ऑफसाइड लागू. म्हणून मागच्यांनी हेडर होईपर्यंत चेंडूच्या किंवा शेवटून दुसऱ्या विरोधकाच्या पुढे, गोलच्या बाजूला जायचं नाही.

प्रश्नार्थक

आणि फेकताना मागचा पाय उचलला गेला तर? आमच्याकडचे पंच लगेच शिट्टी मारतात.

रेषेवरचा_पंच

पूर्ण उचलला तर बरोबरच मारतात. दोन्ही पावलांचा काही भाग रेषेवर किंवा रेषेबाहेर जमिनीला टेकलेला हवा. मागच्या पायाचा अंगठा जमिनीवर घासत आला तरी चालतो, लांब फेकणारे सगळे तेच करतात. चेंडू दोन्ही हातांनी, डोक्यामागून आणि डोक्यावरून, तोंड मैदानाकडे. समोरचा विरोधक दोन मीटर लांब. यातलं शेवटचं आपल्याकडे कुणीच पाळत नाही, ते मात्र पंचांकडे मागून घ्या.